सोन्याची पाने, लोखंडी पाने

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजेच खंडेनवमीस, घरोघरी आयुधांचे पूजन होते. शेतकरी औत व कोयता पुजतो, सुतार करवत व पटाशी पुजतो, गृहिणी विळीला हळदकुंकू वाहते. ज्यांच्या दारी मोटार आहे तेथे तिलाही झेंडूचा हार चढतो. परंतु तिच्या हत्यारांच्या पेटीची आठवण फार थोड्यांना होते. आमच्या मते पूजेचा पहिला मान त्या पेटीचाच आहे.

विष्णुपुराणात कथा आहे. विश्वकर्म्याच्या कन्येस, संज्ञेस, पती सूर्याचे तेज साहवेना. तेव्हा विश्वकर्म्याने सूर्यास चाकावर चढवून त्याच्या तेजाचा आठवा अंश तासला आणि त्यातून विष्णूचे चक्र, शिवाचा त्रिशूळ व कार्तिकेयाची शक्ती घडविली. एकच द्रव्य, परंतु ज्याचे त्याचे आयुध निराळे. घरी मोटार दुरुस्त करणाऱ्यासही हाच न्याय लागू पडतो.

तेल बदलणे, प्लग काढणे यांस नेहमीचे पाने व पकड पुरते. पण काही कामांस खास हत्यारच हवे. घट्ट बसलेला बुश हातोड्याने ठोकल्यास त्याचे घर दुखावते. त्यासाठी आट्यांचा लांब, मजबूत बोल्ट, जाड वायसर व बुशाहून रुंद अशा नळीचा तुकडा एवढे साहित्य पुरे. नट आवळत गेले की बुश आपणहून नळीत ओढला जातो. क्लचची प्लेट मध्यावर बसविण्यासाठी खरादी मापाचा लाकडी दांडा करून देतो. ब्रेकमधील हवा काढण्यास पारदर्शक नळी व बाटली चालते. मात्र नळीचे टोक ब्रेकच्या तेलात बुडालेले असावे. हे तेल विषारी असते. म्हणून त्या बाटलीवर ठळक खूण करून ती स्वयंपाकघरापासून व मुलांपासून दूर ठेवावी.

जे घरी होत नाही ते बाजारात मिळते. मुंबईची नागदेवी स्ट्रीट हत्यारांसाठी प्रसिद्धच आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात वापरलेले पानेही मिळतात. घेताना जबडा फाकलेला नाही, कोठे तडा नाही, हे उजेडात पाहावे.

मात्र दोन गोष्टी घरी करू नयेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. पहिली, स्प्रिंग दाबण्याचे साधन. मारुती 800 हे वाहन 1983 ते 2014 या काळात तयार झाले व अनेक घरांतील ती पहिली मोटार ठरली. तिच्या पुढच्या चाकांशी शॉक ॲब्सॉर्बरभोवती स्प्रिंग दाबून बसविलेली असते. ती योग्य साधनाने आवळल्याविना वरचा नट सोडल्यास स्प्रिंग उसळून प्राणावर बेतू शकते. पट्ट्या जोडून केलेला जुगाड तेथे कामाचा नाही. दुसरी गोष्ट, मोटारीखाली लावावयाची घोडी. जॅक हा मोटार उचलण्यापुरता. त्याच्या भरवशावर खाली शिरू नये. विटांवरही विसंबू नये, त्या पूर्वसूचना न देता फुटतात. वजनाची क्षमता कोरलेली लोखंडी घोडी विकत आणावी, ती सपाट, टणक जमिनीवर ठेवावी आणि जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. चार पैसे वाचविण्याची ही जागा नव्हे.

खंडेनवमीस पेटीतील प्रत्येक हत्यार रॉकेलने पुसून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडावे. हे पुसणे म्हणजेच तपासणी होय. तडा गेलेला पाना, झिजलेला बोल्ट, गळका जॅक त्याच वेळी हाती लागतो. त्यास नमस्कार करून भंगारात द्यावे. पेटीत परत ठेवू नये. दुसऱ्या दिवशी आपट्याची पाने वाटून घरची माणसे सुखरूप परततात, त्यात या लोखंडी पान्यांचाही वाटा असतो.