यकृताचा कर्करोग आणि प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये : मात्रा, काल व विवेक

यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसाची मूलस्थाने होत, हे आपण विद्यार्थिदशेपासून शिकत आलो आहोत. यकृताच्या कर्करोगाचा रुग्ण मात्र आज आपल्याकडे येतो तो एका हातात रुग्णालयाची फाईल आणि दुसऱ्या हातात एखादे कात्रण घेऊन. हळदीच्या सत्त्वाने यकृताच्या कर्करोगपेशी मरतात, असे त्या कात्रणात छापलेले असते. हे विधान असत्य नाही, परंतु अपुरे आहे. त्यातील उरलेला भाग वैद्यबंधूंसमोर व औषधालयचालकांसमोर मांडावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम निरोगी पेशीचा विचार करू. हिपॅटायटिस बी व सी विषाणू, मद्य, यकृतातील मेदसंचय आणि बुरशी लागलेल्या भुईमूग-मक्यातील अफ्लाटॉक्सिन ही यकृताच्या कर्करोगाची प्रमुख कारणे आहेत. यांपैकी बहुतेक कारणांमुळे पेशीत क्रियाशील ऑक्सिजन-रेणूंची वाढ होते, डीएनएला इजा होते, दाह रेंगाळतो आणि यकृतात तंतू वाढत जातात. या टप्प्यावर ऑक्सिडीकरण रोखणारे द्रव्य पेशीचे रक्षण करू शकेल, ही कल्पना तर्कसंगत आहे.

कर्करोगपेशीची स्थिती निराळी असते. तिच्यात हे रेणू मुळातच अधिक असतात, म्हणून ती ग्लुटाथायोनसारखी स्वतःची संरक्षक यंत्रणाही वाढवून ठेवते. जणू काठोकाठ भरलेले भांडेच. प्रयोगशाळेत हेप-जी-२ या यकृतपेशींवर कर्क्युमिनची मोठी मात्रा दिली असता ते प्रतिऑक्सिडीकारक न राहता उलट ऑक्सिडीकारक होते. भांडे ओसंडते, मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी बाहेर पडते, कॅस्पेज विकरे जागृत होतात आणि पेशी स्वतःचा अंत घडवते. त्याच बशीत एन-ॲसिटिल सिस्टीन हे खरे प्रतिऑक्सिडीकारक मिसळले, तर अनेक प्रयोगांत हा परिणाम क्षीण होतो. म्हणजेच ज्या गुणासाठी द्रव्य विकले जाते, तो गुण तेथे पेशी मारत नाही. पेशी मारतो तो त्याच्या विरुद्धचा गुण. एकच द्रव्य मात्रा व अवस्था यांनुसार भिन्न कर्म करते, हे आयुर्वेदाच्या अभ्यासकाला नवीन नाही.

दुसरा प्रश्न मात्रेचा. बशीतील प्रयोगांत कर्क्युमिन बहुधा १० ते ५० मायक्रोमोलर एवढे वापरले जाते. तैवानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊनही रक्तातील सर्वोच्च सरासरी पातळी सुमारे १.८ मायक्रोमोलर भरली. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन दिले, तेव्हा मानवी शरीरातील उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. मिरी-पिंपळीची ही योगवाही शक्ती आपल्याला परिचित आहे. पण हीच शक्ती यकृतातील औषधविघटक विकरेही मंदावते. परिणामी रुग्ण घेत असलेल्या इतर औषधांची रक्तातील पातळी अनपेक्षितपणे वाढू शकते.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपायी पुरुषांच्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ साली आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी वाढला होता. स्वीडनमधील संशोधकांनी २०१४ साली दाखविले, की एन-ॲसिटिल सिस्टीन व जीवनसत्त्व ई यांमुळे उंदरांतील फुप्फुसाच्या गाठी अधिक वेगाने वाढल्या. संरक्षण कर्करोगपेशींनाही मिळाले. हे निष्कर्ष फुप्फुसाचे आहेत, यकृताचे नव्हेत; तरीही सावधगिरीस ते पुरेसे आहेत. खुद्द हळदीच्या सत्त्वाबाबत अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांच्या संशोधनजालाने २०२२ साली यकृतइजेचे १० रुग्ण नोंदविले. त्यांतील एक दगावला. स्वयंपाकातील हळद आणि संहत सत्त्वाची कॅप्सूल यांतील अंतर यावरून ध्यानी यावे.

मग आपण करावे काय? कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या रुग्णास कोणतेही संहत सत्त्व त्याच्या कर्करोगतज्ज्ञाच्या माहितीविना देऊ नये. रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची, घरगुती काढ्यांसह, लेखी नोंद ठेवावी. यकृताच्या रक्ततपासण्या वेळोवेळी पाहाव्यात आणि कावीळ दिसताच सत्त्व तत्काळ थांबवावे. औषधालयचालकांनी कर्करोग बरा करण्याचा दावा असलेले फलक वा पत्रके लावू नयेत. १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपाय कायद्यान्वये तशी जाहिरात निषिद्ध आहे.

आपले खरे सामर्थ्य निदानपरिवर्जनात आहे. हिपॅटायटिस बी ची लस, मद्यत्याग, मेदोरोगाचा उपचार आणि बुरशी लागलेले धान्य टाकून देणे, हे उपाय कर्करोग होण्यापूर्वीच त्याची वाट अडवितात. झालेल्या रोगात अग्नी, बल, निद्रा व मन यांची काळजी घेणे हेही आपलेच कार्य आहे. बशीतील पेशी मरते म्हणून रुग्ण बरा होतो, असे सांगण्याचा मोह आपण टाळला, तर आपल्यावरील रुग्णाचा विश्वास टिकेल. तो विश्वास गमावून मिळणारा कोणताही लाभ आम्हाला महाग वाटतो.