तापलेले इंजिन : नुकसानीची पारख

वैशाखात आंबा घाट चढताना कडेला बॉनेट उघडून उभी असलेली जीप किंवा रुग्णवाहिका हे ग्रामीण प्रवाशांच्या परिचयाचे दृश्य आहे. काही वेळाने रेडिएटरमध्ये पाणी ओतले जाते, इंजिन सुरू होते आणि वाहन मार्गस्थ होते. इंजिन सुरू झाले म्हणजे ते शाबूत आहे, असा समज मग चालक व कार्यालय दोघेही करून घेतात. याउलट कित्येकदा वाहन एकदा तापले एवढ्यावरूनच संपूर्ण इंजिन उतरविण्याचे अंदाजपत्रक मंजुरीसाठी येते. दोन्ही निष्कर्ष तपासणीपूर्वीचे आहेत. पहिल्यामुळे रुग्ण वाटेत अडकतो, तर दुसऱ्यामुळे पंचायतीचा पैसा.

अनेक इंजिनांत खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे असते. सारख्याच उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. हेड बोल्टांनी आवळलेले असल्याने त्याला पसरण्यास वाव मिळत नाही व ते वाकते. दोहोंमधील गॅस्केट चेपून फुटते. म्हणून अतितापाची पहिली झळ बहुधा हेड व गॅस्केट यांनाच बसते; पिस्टन व बेअरिंगे यांची पाळी नंतर येते.

काटा किती चढला होता, या चालकाच्या सांगण्यावर पूर्ण विसंबता येत नाही. पाणी निघून गेले की तापमापकाची कळ कोरडी पडते आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. काटा उतरला म्हणून वाहन पुढे नेणारा चालक खोटे बोलत नसतो. त्यामुळे वाहन किती अंतर तसेच चालविले, हे विचारणे अधिक उपयुक्त ठरते.

तपासणी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालचे पाणी उसळून भाजण्याचा धोका असतो. प्रथम डिपस्टिक पाहावी. तेल दुधट दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे. मात्र केवळ तेलाच्या झाकणाखाली थोडी साय दिसली, तर ती पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या करणाऱ्या निरोगी इंजिनातही आढळते. पाण्याची पातळी बरीच घटली असून बाहेर कोठे गळती नसेल, तर सेल्फ मारण्यापूर्वी प्लग किंवा इंजेक्टर काढून घ्यावेत. सिलिंडरमध्ये पाणी साचले असल्यास ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

यानंतर काँप्रेशन मोजावे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाब दाखवीत असल्यास त्यांच्यामधील गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी असते. एकच सिलिंडर कमी असेल आणि इंजिन पेट्रोलचे असेल, तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा किंवा सिलिंडरची भिंत दोषी. न वाढल्यास व्हॉल्व्ह अथवा गॅस्केट. रेडिएटरच्या तोंडाशी धरलेल्या निळ्या रसायनाचा रंग पिवळा किंवा हिरवा झाल्यास जळालेला वायू पाण्यात शिरत आहे असे समजावे. ही चाचणी स्वस्त आहे. तरीही ती क्वचितच केली जाते.

हेड उतरविल्यावर सरळपट्टी व फीलर गेज लावून वाक मोजावा. अनेक इंजिनांत तो ०.०५ ते ०.१ मिलिमीटरपर्यंतच चालतो. नेमकी मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेत असते. वाक काढण्यापूर्वी तड्यांसाठी हेडची दाबचाचणी करून घ्यावी, अन्यथा फेसिंगचा खर्च वाया जातो. तेलाचा दाब उतरला असेल आणि खालून ठोक्यांचा आवाज येत असेल, तरच संपूर्ण इंजिन खोलण्याची मागणी सबळ ठरते.

मूळ कारण शोधले नाही, तर नवे गॅस्केटही टिकत नाही. थर्मोस्टॅट, पंख्याचा पट्टा, वॉटर पंप, चोंदलेला रेडिएटर आणि सैल झाकण हे नेहमीचे दोषी. दुरुस्तीनंतर पहिले आठ दिवस रोज सकाळी थंड इंजिनातील पाण्याची पातळी पाहून ती लॉगबुकात नोंदवावी. ती सतत उतरत असल्यास वाहन लांबच्या फेरीवर न पाठविता कार्यशाळेकडे परत न्यावे.