खर्रऽऽ! टायर घासतो कुठे?

बालमित्रांनो, तुमच्या सायकलचं चाक मडगार्डला घासलं की तुम्ही काय करता? सायकलवाल्या काकांकडे जाता. काका चाक गरकन फिरवून बघतात, 'आऊट आहे रे' म्हणतात आणि दोन-चार तारा आवळून देतात. झालं काम! पण मोटारीचा टायर घासायला लागला तर? तिथे तारा आवळून भागत नाही. तिथे लागतं गणित. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीचंच!

समजा, भूम तालुक्यातल्या ईट गावात एका दादाने एमएच २५ नंबरची छोटी मोटार घेतली. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून तिच्या स्प्रिंगा कापून ती चार सेंटिमीटर खाली बसवली. वर रुंद टायर आणि चकचकीत मॅग रिंगा! गल्लीतली पोरं म्हणाली, "काय भारी दिसते!" मग बाजाराच्या दिवशी मागच्या सीटवर आई, आत्या आणि दोन भावंडं बसली. डिकीत पिशव्या. गाडी गतिरोधकावरून गेली आणि खर्रऽऽ! पाठोपाठ रबर जळल्याचा वास.

चूक कुणाची? टायरची? रस्त्याची? छे! चूक मापाची. ती कशी, ते टायरच आपल्याला सांगतो.

टायर वाचता येतो!

टायरच्या बाजूला मोठे आकडे असतात. पुष्कळ छोट्या मोटारींना १६५/८० आर १४ हा टायर असतो. यातले १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. 'आर' म्हणजे रेडियल, आणि १४ म्हणजे रिंगचा व्यास, इंचांत. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. आता बेरीज करा. वरची भिंत १३२, खालची १३२ आणि मध्ये रिंग सुमारे ३५६. चाकाची पूर्ण उंची झाली सुमारे ६२० मिमी.

दादाने बसवले २०५/६५ आर १५. त्याची उंची भरते सुमारे ६४८ मिमी. म्हणजे २८ मिमी जास्त. त्यातले निम्मे, १४ मिमी, चाकाच्या मध्यापासून वर गेले. गाडी आधीच ४० मिमी खाली आलेली. ४० आणि १४ मिळून ५४! मडगार्ड आणि टायर यांच्यामधली जागा जवळजवळ साडेपाच सेंटिमीटरने कमी झाली. मागे चार माणसं बसल्यावर उरणार काय?

शिवाय मोठ्या चाकामुळे स्पीडोमीटरही फसतो. काटा ६० दाखवत असेल, तेव्हा गाडी खरी ६३ च्या आसपास धावत असते.

रिंगवरचं 'ईटी'

ईटच्या मुलांनो, आता तुमच्यासाठी एक गंमत! मॅग रिंगवर बहुतेक वेळा इंग्रजीत 'ईटी' अशी अक्षरं आणि पुढे आकडा असतो. तुमच्या गावाशी त्याचा संबंध नाही बरं का! तो एका लांबलचक जर्मन शब्दाचा संक्षेप आहे. आपल्याकडे त्याला ऑफसेट म्हणतात. रिंगच्या रुंदीच्या मधोमध एक रेघ कल्पा. रिंग गाडीच्या हबला जिथे टेकते ती जागा या रेघेपासून किती मिलिमीटर दूर आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा मोठा, तर चाक गाडीच्या आत सरकतं. आकडा लहान, तर बाहेर येतं.

जुन्या रिंगवर ईटी ४५ असेल आणि नव्यावर ३५, तर चाक १० मिमी बाहेर आलं. नवा टायर ४० मिमी रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना २०-२०. तेव्हा बाहेरची कड ३० मिमी बाहेर आणि आतली कड १० मिमी आत. दोन्हीकडून अडचण!

आवाजावरून रोग ओळखा

स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावरच घासतं? मग टायर आतल्या बाजूला, प्लॅस्टिकच्या अस्तराला लागत असणार. खड्ड्यात किंवा माणसं बसल्यावर घासतं? मग मडगार्डची वरची कड बघा. आणि काहीही बदललेलं नसताना अचानक घासायला लागलं? मग बेअरिंग ढिलं झालं असेल नाहीतर काहीतरी वाकलं असेल. गाडी सरळ गॅरेजमध्ये!

याला कंटाळा करू नका. टायरच्या तळव्याखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, पण बाजूची भिंत त्यामानाने पातळ असते. घासून घासून ती तापते, चिरते. भरधाव गाडीचा टायर फुटला तर काय होतं, हे सांगायला हवं का?

उपाय काय?

पहिला उपाय फुकटचा. हवा तपासा. हवा कमी असली की टायर खाली फुगतो. किती हवा हवी, ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं.

दुसरा, योग्य मापाचा टायर. १५ इंची रिंगच हवी असेल, तर १८५/६५ आर १५ ची उंची येते सुमारे ६२२ मिमी. जुन्यापेक्षा फक्त दोन मिमी जास्त! रिंग मोठी झाली, पण भिंत तेवढीच बुटकी झाली. अर्थात, कंपनीने आपल्या गाडीसाठी हे माप मान्य केलंय का, ते आधी विचारायचं.

तिसरा, मूळ ऑफसेटची रिंग. काही जण रिंगच्या आत चकती घालून चाक बाहेर सरकवतात. पण त्यामुळे नटाला बोल्टची पकड कमी मिळू शकते. नट हे चाकाचे प्राण! तिथे जुगाड नको.

चौथा, मूळ स्प्रिंगा परत बसवायच्या. स्प्रिंग कापली की ती कडक होते. सहा वेढ्यांतला एक कापला, तर सुमारे २० टक्के! शिवाय खड्ड्यात चाक खाली लोंबलं, की कापलेली स्प्रिंग जागेवरून हलू शकते.

काही जण मडगार्डची आतली कड ठोकून चपटी करतात. पण रंग तडकला की तिथे गंज धरतो. आणि मूळ मापं चुकलेली तशीच राहतात.

करून पाहा

कणकेच्या चार गोळ्या करा. उभ्या गाडीच्या मडगार्डच्या आतल्या कडेला, टायरच्या बरोबर वर त्या बाबांना चिकटवायला सांगा. मग सगळे गाडीत बसा आणि बाबांना गतिरोधकावरून अगदी सावकाश गाडी न्यायला सांगा. उतरून बघा. गोळी जशीच्या तशी? छान! चपटी झाली? जितकी जाड उरली, तितकीच जागा शिल्लक आहे. मुलांनी गाडीखाली मात्र मुळीच जायचं नाही.

आईबाबांसाठी दोन शब्द

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. तेव्हा घरातला दादा नव्या रिंगांसाठी हट्ट धरून बसला, तर रागावू नका. त्याला टेप आणि कागद द्या. हिशेब आधी, खरेदी मग!

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी एक कोडं : १७५/७० आर १४ या टायरची पूर्ण उंची किती?

(उत्तर : सुमारे ६०१ मिमी. बरोबर आलं? शाब्बास!)