नदीत उभं राहायचं तर

अमेरिकेतल्या एखाद्या छंदावर लिहा, पण ढोलपथक आणि मराठी मंडळाचं नाटक सोडून, अशी दिवाळी अंकाच्या संपादकांची अट होती. विषय शोधत बसावं लागलं नाही. माँटाना राज्यातल्या बोझमनला माझं कामानिमित्त जाणं होतंच, आणि त्या गावात छंद म्हणाल तर फ्लाय फिशिंग. तिथल्या मोटारींच्या टपांवर गळाच्या काठ्या ठेवायच्या लांबलचक नळ्या बसवलेल्या असतात. ऑफिस सुटलं की माणसं घरी जायच्या आधी गॅलटिन नदी गाठतात. रॉबर्ट रेडफर्डच्या १९९२ च्या ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ या चित्रपटातली बरीचशी मासेमारी याच नदीवर चित्रित झाली आणि त्यानंतर या भागात हौशी लोकांची रीघ लागली.

काठीबद्दल, दोरीच्या हवेतल्या वेलांटीबद्दल, पिसं गुंडाळून केलेल्या खोट्या माशीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझं कुतूहल कमरेखालच्या सामानाचं होतं. ही मासेमारी काठावरून नीट जमत नाही. माशी वजनाने नगण्य, तेव्हा ती लांब जाते ती दोरीच्या वजनावर, आणि दोरी मागे फेकायला पाठीशी मोकळी जागा लागते. काठावर झाडं असतात. मग उरते नदी. मांडीभर पाण्यात, बर्फ वितळून आलेल्या प्रवाहात, तास-दोन तास उभं राहायचं. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या जवळजवळ पंचवीसपट वेगाने ओढून घेतं, त्यामुळे हौस कितीही असली तरी उघडे पाय फार वेळ टिकत नाहीत.

त्यासाठी वेडर. छातीपर्यंत येणारी, पायमोज्यांसकट एकसंध शिवलेली, खांद्यावर पट्टे असलेली जलरोधक विजार. त्यावरून वेगळे बूट. ज्याला बूट आधीपासूनच जोडलेले असतात असाही प्रकार मिळतो. तो घालायला सोपा आणि कडक थंडीत उबदार, पण खडकाळ तळावर घोट्याला आधार देत नाही. डोंगरी नद्यांवर म्हणून वेगळ्या बुटांचीच चलती आहे.

या विजारीचा इतिहास रबराच्या इतिहासाबरोबर चालतो आणि तो मी भराभर सांगून टाकतो. चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबर चिकटवायचं पेटंट घेतलं. ते उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेने रबर स्थिर करण्याची युक्ती सापडली. विसाव्या शतकात निओप्रीन आलं, तीन ते पाच मिलिमीटर जाडीचं, ऊबदार पण आतून घामाने भिजवणारं. १९६९ मध्ये बॉब गोरने तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांडीला हिसडा दिला, ती तुटायच्या ऐवजी कैकपट लांबली आणि तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याचा थेंब त्यांतून आत शिरू शकत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर पडते. १९९० च्या दशकापासून उत्तम वेडर या पडद्याचे होतात. त्यांची किंमत हजार डॉलरपर्यंत जाते, आणि एक काटेरी झुडूप त्यांची वाट लावू शकतं.

म्हणून मला कारखान्यापेक्षा दुरुस्तीचं टेबल बघायचं होतं. एका दुकानाच्या मागच्या खोलीत ते मिळालं. सत्तरीचे एक गृहस्थ तिथे बसतात. तरुणपणी ते पर्यटकांना नदीवर नेणारे वाटाडे होते. गुडघा निकामी झाल्यावर या खुर्चीत आले. समोर फळीवर वेडरांच्या जोड्या उलट्या टांगलेल्या, प्रत्येकीला तक्रारीची चिठ्ठी. बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच मजकूर: गळतं, कुठून ते कळत नाही.

कुठून ते शोधणं हीच खरी कला. आपला पंक्चरवाला ट्यूब फुगवून बादलीत बुडवतो आणि बुडबुड्याची वाट बघतो. इथे ते चालत नाही, कारण विजार फुगत नाही आणि भोक टाचणीच्या अग्राहून लहान असतं. आजोबांनी वेडर उलटी केली, आतली बाजू वर घेतली आणि तिच्यावर रबिंग अल्कोहोलचा फवारा मारला. आपल्याकडे डॉक्टर इंजेक्शनआधी कापसाला लावतात तसलंच ते. पडदा शाबूत असेल तिथे कापड जसंच्या तसं राहतं. भोक असेल तिथे अल्कोहोल आत झिरपतं आणि काही क्षणांत एक गडद ठिपका उमटतो. मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे चालताना दोन्ही पाय एकमेकांना घासतात, तिथे असे ठिपके ओळीने उमटले. आजोबांनी पेन्सिलीने प्रत्येकाभोवती वर्तुळ काढलं, अल्कोहोल उडून जाऊ दिलं आणि रुपयाएवढा युरेथेनचा डिंक बोटाने पसरला. तो रात्रभर वाळतो. ऊन पडताच घट्ट होणारा डिंकही आता मिळतो, नदीकाठी दुरुस्ती करणाऱ्यांसाठी. मी तो फवारा पुनःपुन्हा मारायला लावला. इतका साधा, इतका बिनचूक उपाय मी क्वचितच पाहिला आहे.

निवड कशी करायची, हे त्यांनी तक्रारींच्या अनुभवावरून सांगितलं. कंपन्यांची माहितीपत्रकं कापडाचे थर मोजतात, तीन की पाच. ते महत्त्वाचं आहे, विशेषतः गुडघ्याखाली, पण गळती होते ती माप चुकल्यामुळे. विजार घालून दुकानातच उकिडवं बसावं, एक पाय खुर्चीवर ठेवून बघावं. जांघेत ताण आला तर शिवण सहा महिन्यांत बोलणार. ढगळ असेल तर घड्या पडून घासणार. बूट नेहमीच्या मापाहून एक नंबर मोठा, कारण आत निओप्रीनचा जाड मोजा आणि त्याच्या आत लोकरीचा मोजा जातो. बूट आवळला की बोटं गोठतात, मग वेडर कितीही महाग असो. बुटात खडे जाऊ नयेत म्हणून विजारीच्या घोट्याशी झालर असते. ती बुटाच्या हुकाला अडकवायला लोक विसरतात आणि खडे मोज्याची चाळण करतात.

आणि कमरेला पट्टा. याबाबत एक जुनी भीती आहे की वेडरमध्ये पाणी शिरलं की माणूस शिळेसारखा बुडतो. प्रसिद्ध अमेरिकन मासेमार ली वुल्फ यांनी ती खोटी ठरवायला वेडर घालून बॅटनकिल नदीच्या पुलावरून उडी मारली आणि पोहत बाहेर आले. पाण्यात पाण्याला वजन नसतं. अडचण होते ती बाहेर पडताना, भरलेले पाय काठावर उचलताना, आणि थंडीने हातपाय आखडतात तेव्हा. घट्ट पट्टा पाणी आत शिरणं लांबवतो, म्हणून तो बांधायचाच.

पण आजोबांचा जीव विजारीत नव्हता, बुटाच्या तळात होता. आणि इथून लेख माझ्या हातात राहिला नाही.

नदीतले गोटे शेवाळाने बुळबुळीत असतात. रबरी तळ त्या चिकट थरावरून सरकतो. दाबून केलेल्या जाड फेल्टचे, म्हणजे आपल्या नमद्याच्या जातीच्या कापडाचे, हजारो धागे तो थर भेदून दगडाला जाऊन भिडतात. कित्येक दशकं मासेमार याच तळावर उभे राहिले. फेल्टचे दोष आहेत: ओल्या गवतावर आणि चिखलाच्या उतारावर तो घसरतो, हिवाळ्यात त्याला बर्फाचे गोळे चिकटतात. पण नदीच्या तळाशी त्याला तोड नाही, असं आजोबा ठामपणे म्हणतात. त्यांच्या पायातही फेल्टच. त्यांच्या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड, हा त्यांचा मुद्दा मला खोडता आला नाही.

जे धागे दगड पकडतात तेच पाणी आणि गाळही पकडून ठेवतात. फेल्ट कित्येक दिवस आतून ओला राहतो. आज गॅलटिनवर घातलेला बूट शनिवारी दुसऱ्या खोऱ्यात जातो, आणि त्याच्याबरोबर पहिल्या नदीतलं जे काही असेल ते जातं. हा प्रश्न या भागाला पुस्तकी वाटत नाही. बोझमनजवळच्या मॅडिसन नदीत १९९४ च्या अखेरीस ‘व्हर्लिंग डिसीझ’ आढळला. हा रोग करणारा, युरोपातून आलेला परजीवी माशांच्या पिल्लांच्या कूर्चेवर हल्ला करतो. मासा शेपटी काळी पडून स्वतःभोवती गिरक्या घेत राहतो. मॅडिसनच्या एका पट्ट्यात रेनबो ट्राउट माशांची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घसरली होती. त्याच सुमारास न्यूझीलंडची एक चिमुकली गोगलगाय इथल्या नद्यांत पसरू लागली. तिच्यात नराशिवाय पिल्लं होतात, म्हणजे नवी वसाहत वसवायला एक गोगलगाय पुरते.

न्यूझीलंडने याची परतफेड उलट्या दिशेने भोगली. उत्तर गोलार्धातलं डिडिमो नावाचं शेवाळ २००४ मध्ये तिथल्या दक्षिण बेटावर सापडलं. दगडांवर ओल्या, मळकट लोकरीसारखे त्याचे थर चढतात. सरकारने २००८ मध्ये फेल्टच्या तळांवर देशभर बंदी घातली. मेरीलँड आणि व्हरमाँटने २०११ मध्ये, अलास्काने २०१२ मध्ये तोच मार्ग धरला. बोझमनच्या सिम्स या नामांकित कंपनीने आपण होऊन फेल्ट बंद करायचं ठरवलं, केलंही, आणि ग्राहकांच्या आग्रहापुढे काही काळाने पुन्हा सुरू केलं.

मग विज्ञानानेच गुंता वाढवला. डिडिमोच्या प्रसाराचा ठपका २००९ मध्ये मासेमारांच्या बुटांवर ठेवणारे कॅनेडियन शास्त्रज्ञ मॅक्स बॉथवेल यांनी २०१४ मध्ये सहकाऱ्यांसह वेगळं मत मांडलं. उत्तर अमेरिकेत हे शेवाळ आधीपासूनच होतं. पाण्यातला फॉस्फरस फार कमी झाला की ते चिवट देठ वाढवत सुटतं. न्यूझीलंडची गोष्ट निराळी, तिथे ते बाहेरून आलं असंच मानलं जातं. पण या नव्या मतामुळे व्हरमाँटने २०१६ मध्ये बंदी उठवली. आजोबांनी ही बातमी टेबलावर हात आपटून सांगितली.

मला त्यांचा आनंद पटला नाही. डिडिमोचा खटला ढिला पडला म्हणून गोगलगाय आणि परजीवी सुटत नाहीत. आणि नियमांची अवस्था पाहा: गॅलटिन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात उगम पावते. उद्यानात फेल्टला बंदी, हद्द ओलांडून माँटानात आलं की परवानगी. पाणी मात्र तेच, वरून खाली वाहणारं. यात आणखी एक गंमत, की ज्या ट्राउटसाठी ही सगळी धडपड, त्यातला ब्राउन ट्राउटही मूळचा इथला नाही. त्याची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून अमेरिकेत आणली गेली.

पर्याय म्हणजे रबरी तळ आणि त्यात टंगस्टन कार्बाइडचे खिळे. पकड बरी असते, फेल्टइतकी नसते, आणि नावेच्या तळाला ते ओरखडे पाडतात म्हणून नावाडी खिळेवाल्यांना चढू देत नाहीत. रबर धुतलं की लवकर वाळतं, हा त्याचा मोठा गुण. पण धुवावं लागतं. रबर घातलं म्हणजे आपण निर्दोष, असं समजणारे मी काठावर पाहिले. त्यांच्या बुटांच्या नाड्यांत आणि जिभेच्या अस्तरात चिखल भरलेला होता.

विजारीचीही सुटका नाही. त्या अद्भुत पडद्यातली आणि वरच्या पाणी झटकणाऱ्या लेपातली फ्लोरीनयुक्त रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, पाण्यात साठत जातात. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून अशा कपड्यांवर बंदी आणली आहे. अतिओल्या परिस्थितीत वापरायच्या कपड्यांना २०२८ पर्यंत सवलत आहे. पॉलिथिलीनचे नवे पडदे आले आहेत. ते जुन्यांइतके टिकतात का, ते आजोबांच्या टेबलावरच कळेल. त्यांचं मत तयार आहे, पण ते सगळ्याच नव्या गोष्टींबद्दल तयार असतं.

काश्मीरच्या लिद्दरवर किंवा हिमाचलच्या तीर्थनवर ट्राउटसाठी जाणारे मराठी हौशी आता दिसू लागले आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच. वेडर मधल्या किमतीची चालेल, पण मापाची घ्या. बूट खिळ्यांचे, रबरी तळाचे घ्या आणि पकडीतली उणीव हातातल्या काठीने भरून काढा. पट्टा बांधा. एका नदीवरून दुसरीवर जाण्याआधी बूट घासून धुवा, पूर्ण वाळल्यावर आणखी अठ्ठेचाळीस तास कोरडे ठेवा. तेवढा वेळ नसेल तर दुसऱ्या नदीसाठी बुटांची दुसरी जोडी न्या.