ब्लड सॅम्पल 'रिजेक्ट' झालं म्हणजे नेमकं काय झालं?

पेशंट वॉर्डात, नातेवाईक बाहेर बाकड्यावर. रिपोर्टची वाट बघत दोन तास गेल्यावर निरोप येतो : 'सॅम्पल रिजेक्ट झालंय, पुन्हा रक्त घ्यावं लागेल.' पेशंट लहान मूल असेल किंवा शीर सापडत नसलेल्या आजी असतील, तर घरच्यांचा पारा चढणारच. सॅम्पल हरवलं असेल किंवा पुन्हा पैसे लावायचे असतील, हा पहिला संशय.

बहुतेक वेळा बिघाड रक्त लॅबमध्ये पोहोचण्याआधीच झालेला असतो. इटलीतल्या पादुआ शहरातील हॉस्पिटलच्या लॅबमधल्या चुकांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६८ टक्क्यांहून जास्त चुका तपासणीच्या आधीच्या टप्प्यात झाल्या होत्या. मशीनवर तपासणी सुरू असताना झालेल्या चुका होत्या फक्त १३ टक्क्यांच्या आसपास.

रक्त 'फुटतं' म्हणजे काय?

सॅम्पल नाकारण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे हिमोलिसिस, म्हणजेच लाल पेशी फुटणं. सेंट्रिफ्यूजमध्ये ट्यूब फिरवल्यावर वर फिकट पिवळं सीरम दिसायला हवं. पेशी फुटल्या असतील तर ते गुलाबी किंवा लालसर दिसतं.

रंग बदलला तर एवढं काय बिघडलं? बिघडतं ते पोटॅशियममुळे. रक्तातल्या द्रवात ते ३.५ ते ५ युनिटच्या दरम्यान असतं, तर लाल पेशींच्या आत त्याच्या २५ पटींहून जास्त. पेशी फुटल्या की ते बाहेर येतं आणि नॉर्मल पेशंटचा रिपोर्ट साडेसहा दाखवू शकतो. तो खरा मानून पोटॅशियम उतरवणारी औषधं दिली, तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका. याची उलट बाजू जास्त फसवी आहे : ज्याचं पोटॅशियम खरोखरच कमी झालंय, त्याचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि कुणाला शंकाही येत नाही.

पेशी फुटतात त्या अगदी साध्या कारणांनी. फार बारीक सुई, सिरिंज जोरात ओढणं, स्पिरिट वाळण्याआधीच सुई टोचणं, ट्यूब खळखळून हलवणं.

झाकणाचा रंग उगाच नसतो

जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं. ही ट्यूब ८-१० वेळा हलक्या हाताने उलटसुलट करायची असते. तसं केलं नाही तर आत गुठळी होते, प्लेटलेट्स तिच्यात अडकतात आणि मशीन कमी आकडा दाखवतं. डेंग्यूच्या दिवसांत असा आकडा हाती पडला, तर घरचे प्लेटलेट्सच्या पिशव्या शोधायला धावणार हे वेगळं सांगायला नको.

निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट असं ठरलेलं प्रमाण असतं. रक्त कमी भरलं की आयएनआर खोटा वाढतो. हृदयाची झडप बदललेल्या पेशंटच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा डोस याच आकड्यावर ठरतो. त्यामुळे 'थोडंसंच कमी आहे, चालवून घ्या' ही विनंती लॅबला मान्य करता येत नाही. एका ट्यूबमधलं रक्त दुसरीत ओतूनही चालत नाही. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए पोटॅशियमचंच क्षार असतं, त्यामुळे पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं.

न दिसणारी चूक

गुठळी दिसते, लालसर रंग दिसतो. पण ट्यूबवर दुसऱ्याच पेशंटचं नाव असेल तर रक्ताकडे बघून ते कळत नाही. रक्त चढवण्याआधीच्या ब्लड ग्रुप तपासणीत ही चूक जिवावर बेतू शकते. म्हणूनच लेबल नसलेलं किंवा नाव न जुळणारं सॅम्पल लॅब घेत नाही.

पेशंटच्या हातातही काही गोष्टी आहेत. 'तुम्ही अमुकच ना?' या प्रश्नाला नुसतं 'हो' म्हणण्याऐवजी स्वतः पूर्ण नाव सांगा आणि लेबल समोरच लावून घ्या. सलाइन लावलेला हात पुढे करू नका. मूठ सारखी उघडझाप करू नका, त्यानेही पोटॅशियम वाढतं.

काही जणांच्या बाबतीत मात्र कुणाचीच चूक नसते. त्यांच्या प्लेटलेट्स ईडीटीएच्या संपर्कात आल्या की एकमेकींना चिकटतात, त्यामुळे जांभळ्या ट्यूबमधला आकडा दर वेळी कमीच येतो. शरीरात त्या व्यवस्थित असतात. अशा वेळी रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात किंवा निळ्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन पुन्हा मोजतात.