जबड्याच्या सांध्याला पट्टी कोणती?
कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा. हलते ते जबड्याच्या हाडाचे टोक, कॉन्डाइल. हनुवटीवर आपटले की पुष्कळदा मोडते ती त्याची मान.

घास चावताना या मानेची पुढची कड ताणली जाते, मागची दाबली जाते. मागे एकच सरळ पट्टी लावली, तर ती वाकण्याची, स्क्रू ढिले होण्याची भीती. तंबूच्या खांबाला एकाच बाजूने दोरी बांधावी, तसेच! दोन पट्ट्या भक्कम. पण जागा अरुंद, वरून चेहऱ्याच्या नसेच्या फांद्या जातात. त्या दुखावल्या तर डोळा नीट मिटत नाही. म्हणून त्रिकोणी डेल्टा किंवा समलंब चौकोनी पट्टी मला पटते: एकाच तुकड्यात दोन्ही कडांना आधार. मात्र वरच्या तुकड्यात दोन स्क्रूंपुरते हाड हवे. सर्जनला तेवढे जरूर विचारा.