निमजचा नामदेव, इटलीची सेनिओ

सेनिओ म्हणजे आपल्याकडचा एखादा ओढाच. उत्तर इटलीत लुगो गावाजवळ तिचं पात्र जेमतेम १५ फूट रुंद, पाणी छातीभर. पण पूर अडवायला दोन्ही काठांवर ३०-३५ फूट उंच, उभे बांध घातलेले. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी हे बांध पोखरून आत मशीनगनची ठाणी बसवली, उतारावर सुरुंग पेरले. दोस्त राष्ट्रांची आघाडी वसंत ऋतूपर्यंत तिथेच अडून राहिली.

९ एप्रिल १९४५च्या संध्याकाळी आठवी भारतीय डिव्हिजन नदीत उतरली. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव होते. वय २३, काम कंपनीच्या निरोप्याचं. पाण्यातून निथळत वर येताच तुकडीवर तीन ठाण्यांतून मारा झाला. कंपनी कमांडर आणि दोघे जवान जखमी झाले, बाकीचे जागीच पडले. धडधाकट उरले एकटे नामदेव. त्यांनी एका जखमीला उचललं, पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे पोहोचवलं, परत येऊन दुसऱ्यालाही नेलं. मग एकट्यानेच ठाण्यांवर चाल केली. पहिलं ठाणं गप्प केलं, पण हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना. ती फेकून त्यांनी हातबॉम्ब घेतले आणि उरलेली दोन ठाणी उडवली. शेवटी तोफगोळ्यांच्या वर्षावात बांधाच्या माथ्यावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली, हात हलवून बाकीच्यांना पलीकडे बोलावलं. दुसऱ्या दिवशी लुगो मुक्त झालं. नामदेवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी, त्याच नदीवर फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर यांनीही तो मिळवला.

तेव्हा नामदेवांच्या जिल्ह्यात काय चाललं होतं? ऑगस्ट १९४२पासून नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. सेनिओच्या हल्ल्याआधी जेमतेम पंधरवडा, मार्चअखेरीस, नेहरूंना तिथून हलवलं गेलं. जिल्ह्याचा एक मुलगा परक्या गावाला स्वातंत्र्य देत होता आणि त्याच्याच देशाचं स्वातंत्र्य मागणारे त्याच्या जिल्ह्यात कोंडलेले होते. दोन्हीकडे हुकूम एकाच सरकारचा.

इटलीने ही आठवण जपली आहे. आल्फोन्सिने गावात सेनिओच्या लढाईचं संग्रहालय आहे. फोर्लीच्या स्मारकावर दहनसंस्कार झालेल्या साडेसातशेहून अधिक भारतीय जवानांची स्मृती आहे. मोंतोने गावाने २०२३मध्ये माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. १० जुलै १९४४ रोजी ते इटलीतच धारातीर्थी पडले; त्यांचाही गौरव व्हिक्टोरिया क्रॉसनेच झाला.

आपली अडचण मात्र वेगळी. साम्राज्याच्या गणवेशातल्या शौर्याला स्वातंत्र्याच्या इतिहासात कुठे बसवायचं, हे आपल्याला कधी ठरवताच आलं नाही. म्हणून किल्ल्यातल्या कोठड्या पाठ्यपुस्तकात आल्या आणि नामदेव, १९८४मध्ये पुण्यात वारेपर्यंत आपल्यातच असूनही, बहुतेकांना पलटणीतल्या आठवणींपुरतेच ठाऊक राहिले. त्यांच्या शौर्यापायी साम्राज्याचं समर्थन करावं लागत नाही, आणि कैद्यांच्या त्यागालाही त्याने उणेपणा येत नाही. नगर जिल्ह्याचं १९४५ साल सांगायचं, तर किल्ल्याच्या जोडीने निमजही सांगावं लागेल.